जुन्या व्हॅनचे आयडलिंग स्थिर राहत नसेल तर : कार्ब्युरेटर की एमपीएफआय, गॅरेज की सर्व्हिस सेंटर?

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात जुन्या ओम्नी आणि इको अजूनही रोजच्या कामात आहेत. वाशीच्या बाजार समितीतून भाजी उचलणारे, केटरिंगची भांडी पोहोचवणारे, वायरिंगची कामे घेणारे असे अनेक जण याच गाड्यांवर पोट भरतात. सिग्नलला आयडलिंगवर, म्हणजे रेस न देता नुसते इंजिन चालू ठेवून, उभ्या असलेल्या गाडीचा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वरखाली होऊ लागला, सीट थरथरू लागली आणि माजिवड्याच्या कोंडीत गाडी दोनदा बंद पडली, की मालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात : पैसे कशावर घालायचे आणि गाडी कोणाच्या हाती द्यायची. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच गोष्टीपासून सुरू होते. गाडीला हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणारा कार्ब्युरेटर आहे, की संगणकाच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणारी एमपीएफआय यंत्रणा, हे आधी पाहावे.

मारुतीची व्हॅन 1984 मध्ये आली. तिचे 796 सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे आणि कार्ब्युरेटरचे होते. पुढे तीच ओम्नी एमपीएफआयमध्ये मिळू लागली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. 2010 मध्ये आलेली इको चार सिलिंडरची, 1196 सीसीची आणि पहिल्यापासून एमपीएफआय आहे. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मिसिंग मारू लागला, म्हणजे त्यात इंधन पेटेनासे झाले, तर एक तृतीयांश जोर नाहीसा होतो आणि तो हादरा थेट बसणाऱ्याला जाणवतो, कारण या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटखालीच असते.

दोन्ही प्रकारांतील खरा फरक हवेच्या गळतीत दिसतो. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट निकामी झाले, व्हॅक्यूमची रबरी नळी चिरली किंवा ब्रेक बूस्टरची नळी सैल झाली, की हिशेबाबाहेरची हवा आत जाते. कार्ब्युरेटरला ही जादा हवा कळत नाही. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, इंजिन अडखळते आणि रेस सोडताच बंद पडते. चोक (हवा कमी करणारी झडप) थोडा ओढल्यावर गाडी सुधारली, तर पातळ मिश्रणाचा संशय बळावतो. ज्या एमपीएफआय गाडीत मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा सेन्सर असतो, तिथे नेमके उलटे घडते : आत आलेल्या हवेच्या हिशेबाने संगणक पेट्रोलही वाढवतो, त्यामुळे आयडलिंग चढते, ते ठरावीक मर्यादेच्या वर गेले आणि थ्रॉटल बंद असेल, तर संगणक पेट्रोल तोडतो, आरपीएम घसरतो, पेट्रोल पुन्हा सुरू होते आणि हे चक्र एका लयीत चालू राहते. म्हणून अनियमित अडखळणे आणि लयीत वरखाली होणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि मेकॅनिकला सांगताना त्या वेगळ्याच सांगाव्यात.

पेट्रोलच्या बाबतीतही हा फरक महत्त्वाचा ठरतो. आता पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे पूर्वीच्या पेट्रोलवर जुळवलेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण आणखी पातळ होते, आणि त्यातील जुने डायाफ्राम व नळ्या या इंधनासाठी बनवलेल्या नसतात. ऑक्सिजन सेन्सर असलेली एमपीएफआय गाडी इंजिन गरम झाल्यावर बरीचशी भरपाई स्वतःच करते. त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत नळ्या बदलणे हा मला पहिला आणि सर्वांत योग्य खर्च वाटतो.

कोणताही भाग विकत घेण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात, आणि त्यांना जवळपास काहीच खर्च येत नाही. पहिली म्हणजे पीयूसीची पावती. ही चाचणी आयडलिंगवर होते आणि पावतीवर कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत, तर हायड्रोकार्बन पीपीएममध्ये छापलेले असते. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर मिश्रण घट्ट आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आहे, असे समजून एअर फिल्टर, कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची पातळी राखणारे फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह आणि अडकलेला चोक पाहावा. कार्बन मोनॉक्साइड कमी असून हायड्रोकार्बन बरेच जास्त असेल, तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे, म्हणजे स्पार्क प्लग, त्यांच्या वायरी किंवा पातळ मिश्रण यांच्याकडे वळावे. बहुतेक जण ही पावती न पाहताच कप्प्यात टाकतात, हे मला खटकते. सायलेन्सरच फुटलेला असेल, तर मात्र त्या आकड्यांवर विसंबू नये.

दुसरी तपासणी मेकॅनिकसमोर उभे राहून करून घ्यावी. सीट उचलून, इंजिन चालू ठेवून, एकेका प्लगची कॅप क्षणभर काढायला सांगावे. कॅप काढताच इंजिन आणखी दबले, तर तो सिलिंडर काम करतो आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. हे कार्ब्युरेटरच्या गाडीत चालते. एमपीएफआयमध्ये मोकळ्या ठिणगीने कॉइल बिघडू शकते आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, म्हणून तिथे इंजेक्टरचा विजेचा जोड काढून हीच परीक्षा करावी. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर मारण्याची पद्धत सर्रास दिसते. सीटखालच्या बंदिस्त जागेत ती मला धोक्याची वाटते. नळ्या एकेक करून दाबून पाहाव्यात किंवा रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे जोडांवर फिरवावे, फुसफुस ऐकू येते.

गाडी सीएनजीवर असेल, तर निर्णय आणखी सोपा होतो. पेट्रोलवर आयडलिंग ठीक आणि गॅसवर बिघडत असेल, तर गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर, गॅस फिल्टर आणि किटचे ट्यूनिंग पाहावे आणि काम किट बसवणाऱ्याकडेच द्यावे. मात्र गॅसला ठिणगी जास्त जोराची लागते, त्यामुळे थकलेले प्लग आधी गॅसवरच उघडे पडतात. किटला हात लावण्यापूर्वी प्लग बदलावेत.

आता गॅरेज की सर्व्हिस सेंटर. कार्ब्युरेटरची ओम्नी मी निःसंकोचपणे जुन्या हाताच्या मेकॅनिककडे देईन. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या बाजूला फ्लोटची पातळी आणि मिश्रणाचा स्क्रू कानाने लावणारे कारागीर शोधल्यास मिळतात; नव्या सर्व्हिस सेंटरमधील मुलांना हे काम क्वचितच करावे लागते. एमपीएफआय गाडीसाठी स्कॅनर असलेली जागा निवडावी. देशात ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड कोडमध्ये नोंदवण्याच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा एप्रिल 2010 पासून आणि दुसरा एप्रिल 2013 पासून लागू झाला, त्यामुळे त्यानंतरच्या इकोमध्ये स्कॅनर खरोखर उपयोगी पडतो. पण स्कॅनर सेन्सरचा बिघाड दाखवतो. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे, अंतर किंवा फाटलेले इंजिन माउंटिंग तो दाखवत नाही, आणि फाटलेल्या माउंटिंगमुळे स्थिर आयडलिंगसुद्धा हादऱ्यासारखे जाणवते. कोड आला म्हणून थेट सेन्सर बदलणारी जागा टाळावी.

भाग साफ करायचा की नवा घ्यायचा, यावर माझा कल साफसफाईकडे आहे. थ्रॉटल बॉडीवरची काजळी आणि अडकलेला आयडल एअर व्हॉल्व्ह साफ केल्यावर बऱ्याच गाड्या सुधारतात. साफसफाईनंतर काही मिनिटे आरपीएम विचित्र वागला तरी संगणकाला जुळवून घेऊ द्यावे. कार्ब्युरेटरला गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह आणि डायाफ्रामचे किट टाकावे. थ्रॉटलच्या दांड्याचे भोक झिजून दांडा हलत असेल, तर किट वाया जाते आणि नवा कार्ब्युरेटरच घ्यावा लागतो.

एवढे करूनही एकच सिलिंडर दबलेला राहिला, तर टॅपेट लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, मोजून घ्यावे. सिलिंडरांमधील फरक साधारण दर चौरस सेंटीमीटरला 1 किलोपेक्षा जास्त असेल, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचे काम निघते. गाडीला 15 वर्षे होत आली असतील, तर हे मोठे काम हाती घेण्यापूर्वी फेरनोंदणीचे शुल्क आणि ग्रीन टॅक्स त्या खर्चात मिळवून पाहावा. फेरनोंदणी पाच वर्षांसाठीच मिळते. पत्रा गंजलेला नसेल आणि गाडी रोज कमाई करून देत असेल, तर मी इंजिनाचे काम करून घेईन. चेसिसला गंज लागला असेल, तर नाही.