कोलोरॅडोच्या डिअर टॅगपायी माझे 5,750 डॉलर गेले, तुमचे वाचवा

कोलोरॅडोच्या गनिसन खोऱ्यातल्या हरणाच्या चौथ्या शिकार-सीझनचं व्हाऊचर, म्हणजे टॅग (शिकारीचा परवाना) घ्यायचा हक्क देतो म्हणून कुणी मराठी माणूस गळ घालत असेल, तर त्याला एक डॉलरही देऊ नका. माझे 5,750 गेले. आधी 1,500 'बुकिंग'चे, मग 3,900 उरलेले आणि वर 350 'ट्रान्सफर फी'. ही फी मागितली की समजा, तुम्ही गेलात.

टॅगच्या सोडतीत नंबर लागावा म्हणून वर्षानुवर्षं पॉइंट साठवत बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. तिथली बरीचशी जमीन सरकारी, तिच्यावर फिरा कुठेही. पण नोव्हेंबरात बर्फ पडून मोठे म्यूल डिअर खाली सेजब्रशच्या झुडपांत उतरतात, रट म्हणजे माजाचा काळ सुरू असतो, तेव्हाच्या टॅग मोजक्याच. एप्रिलमध्ये अर्ज करायचा आणि मेअखेरीस नकार वाचायचा. आपला पॉइंट वाढतो तसा पुढच्यांचाही वाढतो. यातून सुटायची एक वाट राज्यानेच ठेवली आहे. 160 एकर किंवा जास्त शेतजमीन असलेल्या मालकांना व्हाऊचर मिळू शकतं आणि ते त्यांना विकता येतं. 'अनरिस्ट्रिक्टेड' असेल तर अख्ख्या युनिटात म्हणजे शिकारीच्या ठरवून दिलेल्या विभागात, सरकारी जमिनीवरही चालतं. 'रिस्ट्रिक्टेड' असेल तर फक्त खाजगी जमिनीवर, हे नीट बघून घ्या. मी चोरवाटेने काही मिळवायला गेलो नव्हतो, एवढं म्हणणं आहे.

मला व्हाऊचर विकणारा आपल्यातलाच. गणपतीत ढोल वाजवणारा, बायकोमुलांसह कार्यक्रमांना येणारा. "दादा, आपल्या माणसाला टोपी घालीन का मी?" असं म्हणायचा. व्हाऊचरचा फोटो पाठवला. त्यात युनिट दिसत होतं, सीझन दिसत होता, मालकाचं आडनावही होतं. नंबरावर मात्र त्याचा अंगठा. नख मार लागून काळं पडलेलं, अजून डोळ्यांसमोर आहे. तो फोटो मी झूम करकरून पाहिला, तो युनिटचा आकडा वाचायला! अंगठा बाजूला घेऊन पुन्हा फोटो काढ, एवढं एक वाक्य बोलायचं होतं.

मालकाशी बोलायचंय म्हटलं, तर म्हणे, "म्हातारे आहेत, ऐकू येत नाही, मी दोन हजारात घेतलंय त्यांच्याकडून." तिथेच ताडकन उठायला हवं होतं. व्हाऊचर मालकाकडून थेट शिकाऱ्याकडे जातं, मधल्या दलालाने घेऊन विकणं कायद्याने बंद आहे. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पैसे नाही आले तर टेक्सासचा एक जण घेतोय म्हणाला. इतकी वर्षं वाट पाहिलेला कुठला माणूस त्या वेळी कायद्याचं पुस्तक उघडेल?

टॅग घ्यायला वन्यजीव खात्याच्या काउंटरवर गेलो तेव्हा कळलं, ते व्हाऊचर कधीच वापरून झालं होतं. तोच फोटो त्याने आणखी किती जणांना विकला असेल, देव जाणे.

आणि मग सुरू झाली ती टोलवाटोलवी. बँक म्हणते, पैसे तुम्हीच तुमच्या ॲपवरून पाठवलेत, म्हणजे हा फ्रॉड नाही. मग फ्रॉड कशाला म्हणतात? आमच्या काउंटीचा शेरीफ म्हणतो, तो माणूस राहतो तिकडे जा. तिकडचे म्हणतात, पैसे तुमच्याकडून गेले, तुमच्याकडेच नोंदवा. ऑनलाइन तक्रारीला आपोआप आलेलं उत्तर तेवढं मिळालं, त्यानंतर शुकशुकाट. एका अधिकाऱ्याने तर मलाच ऐकवलं की दलालाकडून घेतलंत म्हणजे नियम तुम्हीही मोडलात. चोर मोकळा आणि झडती माझी! मंडळातल्या वडीलधाऱ्यांना सांगितलं तर, "जाऊ दे रे, त्याची मुलं लहान आहेत." माझ्या मुलांच्या कॉलेजचे पैसे कुणी मोजायचे?

घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. आपल्याकडे भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, गावाकडच्यांना हा नाद मुळातच पटत नाही. आपण तोंड उघडणार नाही हे त्याला पक्कं माहीत आहे, आणि तो धंदा त्यावरच करतो.

मालकाचं नाव काउंटीच्या जमीन नोंदीत स्वतः शोधा, तिथल्या पत्त्यावर जा, त्याच्याशीच बोला. ॲपने पैसे पाठवू नका. ॲरिझोनाचं 'जमीनमालकाचं टॅग' कुणी देऊ केलं तर फोन ठेवा, तिथे असा प्रकारच नाही.

हल्ली तो ठग न्यू मेक्सिकोच्या एल्क (मोठं हरीण) परवान्यांबद्दल बोलतो असं कानावर आलंय. तिथे जमीनमालकाचे परवाने खरोखर विकले जातात, त्यामुळे गिऱ्हाईक मिळेलच. कुणी आधीच पैसे दिले असतील तर त्याच्याशी भांडण्याआधी सगळे मेसेज आणि पावत्या जपून ठेवा, आणि मला कळवा. चार-पाच जणांची तक्रार एकत्र गेली तर ती टेबलावरून हलेल.