कस्टमवाल्याचा फोन, कलम 104 आणि माझे 1,50,700 रुपये

‘शिकलेली माणसं फसतातच कशी?’ हे वाक्य जाऊबाईंपासून पोलीस स्टेशनातल्या हवालदारापर्यंत सगळ्यांनी मला ऐकवून झालंय, तेव्हा तुम्ही नाही ऐकवलंत तरी चालेल. पंचायत समितीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेली बाई आहे मी. कागद तपासण्यातच नोकरी गेली.

पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं, व्हिडिओ कॉलवर बसून राहा, डिजिटल अरेस्ट वगैरे प्रकार तुम्हाला ठाऊक आहेतच. मलाही होते. तसला फोन आला असता तर मीच चार शिव्या हासडल्या असत्या. या भामट्यांनी घरातल्या माणसाचं नाव पुढे केलं.

भाचा मस्कतहून मुंबईला येत होता. वहिनीने तिकिटाचा फोटो फेसबुकवर टाकलेला, फ्लाइट नंबरासकट. त्याखाली माझी कमेंट, ‘ये रे बाळा, आत्या वाट बघतेय.’ आणि माझ्या प्रोफाइलवर घरगुती मसाल्याची जाहिरात, मोबाइल नंबरासह. एवढ्यावर त्यांचं काम झालं. (तिकिटाचे फोटो टाकणं बंद करा. पोरगं घरी पोचल्यावर टाका काय टाकायचं ते.)

रविवारी दुपारी 4.50 ला फोन. ‘मॅडम, मुंबई एअरपोर्ट कस्टम्स से बोल रहा हूँ.’ भाच्याचं पूर्ण नाव, फ्लाइट नंबर, सगळं बरोबर. त्याच्या बॅगेत 25 ग्रॅमची न दाखवलेली सोन्याची चेन मिळाली, कस्टम्स ॲक्टच्या कलम 104 खाली अटक होणार, नातेवाइकाला कळवणं कायद्याने बंधनकारक म्हणून फोन केला. मागे कुणीतरी रडत ‘आत्या, आत्या’ म्हणत होतं. दोन-तीन सेकंदच. आपलं पोर रडतंय म्हटल्यावर आवाज कोण ताडून बघतं?

लगेच व्हॉट्सॲपवर ‘अरेस्ट मेमो’ आला. अशोकस्तंभ, जांभळा गोल शिक्का, खाली तिरकी सही. कलम 104 खरंच कस्टम्सच्या 1962 च्या कायद्यात अटकेचं कलम आहे आणि अटकेची खबर नातेवाइकाला द्यावी लागते हेही खरं. खोट्याला खऱ्याचं अस्तर असं लावतात मेले.

त्या मेमोवर जावक क्रमांक नव्हता. आयुष्यभर मी जावक क्रमांक नसलेलं पत्र टेबलावरून परत पाठवलंय. इथे चष्मा लावून दोनदा वाचलं, क्रमांकाची जागा कोरी दिसली, आणि डोक्यात आलं काय, तर घाईत राहिला असेल! कस्टम्सच्या पत्रांवर 2019 पासून डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो विभागाच्या साइटवर तपासता येतो, हे मला नंतर कळलं. डीआयएन माहीत नसेल एक वेळ, पण कोरी जागा तर दिसत होती ना. अजून रात्री ती कोरी जागा डोळ्यांसमोर येते आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पहिले ‘ड्यूटी’चे 18,500. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं एका मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं. मी विचारलं, सोडलं नाही. तो म्हणाला, ‘मॅडम, संडे को ट्रेजरी बंद रहती है, ये कैशियर का अकाउंट है.’ आता ट्रेझरी रविवारी बंद असते हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक? पटलं. खरं म्हणजे विमानतळावर दिवाळी असो की रविवार, ड्यूटी प्रवाशाने तिथल्या काउंटरवर भरायची आणि पावती घ्यायची. घरी बसलेल्या आत्याने कुणा दुकानदाराला पाठवायची नसते.

मग ‘पर्सनल पेनल्टी’चे 47,200. मग ‘बेल बाँड’चे 85,000. तिथे माझ्या यूपीआयची दिवसाची 1 लाखाची मर्यादा आडवी आली, तर त्या माणसानेच सुचवलं, साहेबांच्या खात्यातून करा. आमच्या ह्यांनी नेट बँकिंगने केले. फोन ठेवायचा नाही, भाच्याला लावायचा नाही, ‘लाइन रेकॉर्ड हो रही है’. फोन ठेवू देत नसेल तर ठेवाच. तेवढं एक केलं असतं तरी पुढचं टळलं असतं.

विमान उतरायची वेळ 5.40 होती. तिकीट फ्रिजवर चिकटवलेलं होतं, आणि मी त्याच फ्रिजला टेकून बोलत होते. भाचा त्या वेळी आभाळात होता, त्याला कोण कस्टमवाला धरणार? विमानं लवकरही पोचतात, असं मी ह्यांना म्हटलंसुद्धा. सव्वासहाला त्याचा फोन आला, ‘आत्या, सामान यायचंय अजून, तुझ्यासाठी खजूर आणि निडो घेतलंय.’ चेनबिन काही नव्हतीच.

नंतर एका ओळखीच्या वकिलाने समजावलं ते तुम्ही आधीच ऐकून ठेवा. कलम 104 खाली कुणालाही उठून अटक करता येत नाही. आयुक्तांनी अधिकार दिलेला अधिकारी लागतो, गुन्हा घडल्याचं मानायला सबळ कारण लागतं, अटकेचं कारण सांगावं लागतं, विनाविलंब मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. बॅगेजच्या प्रकरणात विभागाच्या 2022 च्या सूचनांप्रमाणे साधारणपणे 50 लाख किंवा जास्त किमतीचा माल असेल तर अटकेचा विचार होतो. 25 ग्रॅमच्या चेनीवर माल जप्त होईल, दंड होईल. नुसतं चौकशीला बोलवायचं तर कलम 108 चा समन्स काढतात. आणि जामीन? तो बाँडवर सही करून, जामीनदार देऊन होतो, यूपीआयवर नाही.

आता आपल्या लोकांचं ऐका. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. तिथून पुढे वनवास. बँकेत साहेब म्हणाले, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी तुमचाच, आम्ही काय करणार?’ पोलीस स्टेशनात म्हणाले जिल्ह्याच्या सायबर सेलला जा. सायबर सेलला म्हणाले आधी तुमच्या स्टेशनला नोंद करा. परत स्टेशनात आले तर नवीन साहेब, त्यांचं म्हणणं नाव मुंबई विमानतळाचं घेतलंय, तर मुंबईला जा! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 म्हणतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंद घ्यावी लागते. हे मी त्यांच्यासमोर वाचून दाखवलं, तर हवालदार म्हणतो, ‘एवढं कळत होतं तर पैसे कशाला पाठवले, मावशी?’ आणि बाकीचे हसले. माझ्या ऑफिसात कुणी म्हातारं माणूस अर्ज घेऊन आलं तर आधी खुर्ची देत असू आम्ही. इथे उभं राहून गुडघे गेले. शेवटी लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली, तीही भांडून. पोच घेतल्याशिवाय कुठूनही हलू नका.

1930 वर मिनिटांचा हिशेब असतो. मी लाजेपायी, आधी ह्यांच्याशी भांडण्यात, रात्र घालवली. तोवर पैसे चार खात्यांतून फिरले. सगळ्यांतून मिळून 11,340 रुपये गोठवले गेलेत, आणि ते परत हवे तर म्हणे कोर्टाचा आदेश आणा. वकील नुसत्या अर्जाचे 5,000 मागतोय. कुणी असे गोठवलेले पैसे स्वतः अर्ज करून सोडवले असतील, तर अर्जाचा मसुदा मला पाठवा.