बाहेरच्या रिक्रूटरसाठी कॉलेजचे नियम: कटकट वाटते पण चार स्टार नक्की

मी रिक्रूटमेंट एजन्सीत काम करतो, म्हणजे आम्ही स्वतःकडे माणसं घेत नाही, दुसऱ्या कंपन्यांना फ्रेशर्स शोधून देतो, त्यामुळे कॉलेजांच्या प्लेसमेंट सेलशी कायमच संबंध येतो. यावेळी ज्या कॉलेजला गेलो तिथल्या बाहेरच्या रिक्रूटरसाठीच्या नियमांबद्दल लिहायचंच होतं, कारण आमच्या लाइनमधले लोक "तिथे फार कटकट आहे" एवढंच सांगून मोकळे होतात, आणि ती कटकट कशासाठी आहे ते कोणी सांगत नाही.

रजिस्ट्रेशन ऑनलाइन आहे, फॉर्म लांबलचक आहे. खरी अडचण येते ती "भरती कोणासाठी" या रकान्यापाशी. एजन्सी असाल तर क्लायंट कंपनीचं नाव पाहिजे आणि सोबत कंपनीच्या लेटरहेडवर पत्र पाहिजे की ही एजन्सी आमच्यासाठी या पोस्टची भरती करतेय. आमच्याकडे "नामांकित कंपनीसाठी पाहिजेत" असं लिहून भागवायची सगळ्यांनाच सवय, इथे ते अजिबात चालत नाही. मी प्लेसमेंट ऑफिसर मॅडमना फोन करून विचारलं की क्लायंटला नाव बाहेर जाऊ द्यायचं नसेल तर काय, तर त्या म्हणाल्या, "सर, नोटीसवर नाव नको असेल तर नका टाकू, पण आम्हाला सांगा, आणि ज्या मुलाचा रेझ्युमे पुढे पाठवणार त्याला पाठवायच्या आधी सांगा. तो हो म्हणाला तरच पाठवा." मला हे शंभर टक्के पटलं.

का पटलं ते सांगतो, कारण मुलांना आतली गोष्ट माहीत नसते. बऱ्याच एजन्सी हातात एकही व्हेकन्सी नसताना रेझ्युमे गोळा करतात, डेटाबेस मोठा दिसला की नवीन क्लायंट मिळतो म्हणून. मुलगा बिचारा फोनची वाट बघत बसतो, आणि त्याचा रेझ्युमे त्याला न विचारता चार ठिकाणी फिरत असतो. त्यात एकाच कंपनीकडे दोन एजन्सींकडून एकाच मुलाचा रेझ्युमे गेला की कमिशन कोणाचं यावरून वाद होतो, आणि काही कंपन्या ती भानगडच नको म्हणून त्या मुलालाच बाजूला काढतात! त्याची काहीही चूक नसताना. म्हणून या कॉलेजचा पुढचा नियम, की ज्या पोस्टसाठी रेझ्युमे दिलाय त्याच पोस्टसाठी वापरायचा, दुसरीकडे पाठवायचा तर परत विचारायचं, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पैशाच्या बाबतीत तर एकदम स्पष्ट आहे, विद्यार्थ्याकडून काहीही घ्यायचं नाही, रजिस्ट्रेशन फी नाही, डिपॉझिट नाही, "ट्रेनिंगचा खर्च" नाही, ओरिजिनल सर्टिफिकेटंही ठेवून घ्यायची नाहीत. यात या कॉलेजने जगावेगळं काही केलेलं नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा खाजगी रोजगार एजन्सींबद्दलचा १९९७ चा करार आहे, क्रमांक १८१, त्यातही मूळ तत्त्व हेच आहे की फीचा बोजा काम शोधणाऱ्यावर टाकायचा नाही. आमची फी कंपनी देते, तेवढी पुरते.

एक नियम आमच्यातल्या बऱ्याच जणांना खुपतो, तो म्हणजे थेट प्राध्यापकांकडे जाऊन "तुमची टॉपची पोरं सांगा" म्हणायचं नाही, जाहिरात सगळ्यांसाठी लागली पाहिजे. अहो पण बरोबरच आहे ना, सरांना पुढे पुढे करणारी चार मुलं आठवणार, मागच्या बाकावर बसून नीट काम करणारी मुलगी कोण सांगणार. जाहिरातीत पगार फिक्स्ड किती आणि टार्गेटवर किती हे वेगवेगळं लिहायला लावतात, तेही चांगलं.

ऑफर लेखी द्यायची आणि विचार करायला निदान एक आठवडा द्यायचा, "आज संध्याकाळपर्यंत सही करा" बंद. ही घाई कुठपर्यंत जाऊ शकते त्याचं जुनं उदाहरण अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचं आहे, १९४० च्या दशकात शिकाऊ डॉक्टर मिळवायला त्यांची एवढी चढाओढ लागली की उत्तर द्यायची मुदत दिवसांवरून तासांवर आली, शेवटी १९५२ मध्ये सगळ्यांच्या पसंत्या एकत्र घेऊन जागा ठरवायची पद्धत आणावी लागली.

आता एक स्टार का कापला. विद्यार्थ्याने ऑफर घेतली की त्याला पुढच्या इंटरव्ह्यूंना बसता येत नाही, ठीक आहे, दिलेला शब्द पाळावा. पण कंपनीने जॉइनिंग पुढे ढकललं तर नियमात फक्त "कॉलेजला कळवावे" एवढंच आहे. मुलगा अडकलेला आणि कंपनी मोकळी, हे कसं चालेल? ठरलेल्या तारखेला जॉइनिंग झालं नाही तर त्याच दिवसापासून त्याला परत प्रोसेसमध्ये घ्यायला पाहिजे, कोणाची परवानगी न मागता. तसंच सिलेक्ट न झालेल्या मुलांना निकाल कळवायची सक्ती नाही, ती पाहिजे, एक मेल टाकायला कितीसा वेळ लागतो. आणि पाचदहा माणसांच्या नवीन कंपनीलाही तोच लांबलचक फॉर्म भरायला लावतात, त्यांच्यासाठी थोडा सुटसुटीत केला तर अशा कंपन्या जास्त येतील.

बाकी स्टाफ मदत करणारा आहे, इंटरव्ह्यूच्या खोल्या वेळेवर उघडून मिळाल्या. ईमेलला उत्तर उशिरा येतं, फोनच करा. जाणार असाल तर क्लायंटचं पत्र आधीच काढून ठेवा, त्याशिवाय तारीख देत नाहीत, आणि सीझन सुरू झाला की चांगल्या तारखा पटापट भरतात.