जुन्या एमएक्स-५ची टकटक: दुरुस्तीनंतर एक हिवाळा काढल्यावर

वीस-बावीस वर्षांची माझदा एमएक्स-५ (अमेरिकेतल्या मंडळींची मियाटा) बाळगून असाल आणि पुढून टकटक येत असेल, तर हे तुमच्यासाठी. माझी गाडी २००२ची, १.८ लिटरची, दुसऱ्या पिढीतली. म्हणजे उघडमिट करणारे हेडलाइट जाऊन साधे आले त्यानंतरची. मुक्काम इंग्लंडमध्ये, रेडिंगला, आणि गाडी बारा महिने उघड्यावर. काय टिकलं आणि काय नाही, हे आता एक हिवाळा गेल्यावर सांगता येतंय.

मूळ तक्रार अशी होती. ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वेगात, ठिगळं लावलेल्या डांबरावर डाव्या पुढच्या चाकाकडून टक्-टक्, पत्र्याच्या डब्यात सुटा पाना ठेवून हलवावा तशी. मोटरवेवर सत्तरला चिडीचूप. एका गॅरेजवाल्याने बोनेटचे कोपरे दोनदा दाबून बघितले आणि ‘चारही शॉकअप गेलेत’ म्हणून साडेआठशे पौंडांचा आकडा सांगितला. आता शॉकअप गेला असता तर दाबून सोडल्यावर गाडी झुलत राहिली असती, नाहीतर त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसला असता. दोन्हीपैकी काही नव्हतं. कळवतो म्हणालो आणि गाडी घरी आणली.

निदान झालं ते गतिरोधकांवर. इथे दोन तऱ्हेचे गतिरोधक असतात. एक रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा, आणि दुसरा मध्येच बसवलेला चौकोनी, ज्याला स्पीड कुशन म्हणतात. आडव्यावरून जाताना पुढची दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, त्यामुळे अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारी, वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी आडवी सळई) आपल्या बुशमध्ये (सळईला धरून ठेवणाऱ्या मऊ कड्यांमध्ये) नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही. कुशनवर मात्र एक चाक चढवून दुसरं खाली ठेवता येतं, आणि तेव्हा सगळा पीळ बारवर आणि त्याच्या लिंक रॉडवर (बारचं टोक चाकाकडच्या जोडणीला बांधणाऱ्या छोट्या दांडीवर) येतो. माझ्या गाडीत आडव्यावर आवाज शून्य, कुशनवर दर वेळी टक्. इथेच शॉकअपवरचा संशय जवळजवळ फिटला.

पुढची पायरी बरेच जण चुकीच्या पद्धतीने करताना बघतो. एक बाजू जॅकवर उचलून लिंक रॉड हाताने हलवायचा, हलला नाही की ‘लिंक ठीक आहे’ म्हणायचं. पण एकच चाक लोंबकळत असताना बार पिळलेला असतो आणि लिंकच्या दोन्ही टोकांचे छोटे बॉल जॉइंट (खोबणीत गोळा फिरणारे सांधे) त्या ताणाखाली घट्ट बसलेले असतात. ढिलाई असली तरी हाताला लागत नाही. दोन्ही पुढची चाकं सारख्या उंचीवर हवीत. रॅम्पवर चढवलेली असतील तर उत्तम. तसं केल्यावर डावा लिंक रॉड बोटांत चक्क खडखडला. खात्रीसाठी दोन्ही लिंक काढून, बारची टोकं तारेने वर बांधून, गल्लीतून हळू चक्कर मारली. टकटक गायब. (बार सुटा असताना गाडी वळणावर जास्त कलते, त्यामुळे हा प्रयोग गल्लीपुरताच.)

नेटवर ‘स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगला हात लावून बघा, वरचं बेअरिंग गेलं असेल’ हा सल्ला सगळीकडे सापडतो. तो मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या, चाकाबरोबर वळणाऱ्या खांबाच्या) गाड्यांचा. एमएक्स-५ला पुढेमागे डबल विशबोन (चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन हात) आहे, स्टिअरिंगबरोबर तिची स्प्रिंग फिरतच नाही आणि वर तसलं बेअरिंगही नाही. ब्रेक पॅडचा खडखडाट मात्र या गाडीत खरंच होतो. तो ओळखणं सोपं आहे. खराब रस्त्यावर ब्रेकवर हलका पाय ठेवला आणि आवाज थांबला तर कॅलिपरकडे (पॅड दाबणाऱ्या भागाकडे) बघा. आणि सगळ्यात आधी डिकीतला जॅक घट्ट आहे का ते!

काम म्हणाल तर एका सकाळचं. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने नट गंजून एकजीव झालेले असतात. पान्ह्याबरोबर आतला स्टडही (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) फिरतो, म्हणून त्याला टोकाशी अ‍ॅलन की लावून धरावं लागतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. फक्त लिंक बदलले तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करावी लागत नाही.

आता टिकण्याबद्दल. निदान पक्कं करायचं म्हणून आधी स्वस्तातली, पंचवीस पौंडांची जोडी घातली होती. थंडी संपेपर्यंत एका बाजूच्या बॉल जॉइंटवरच्या रबरी टोपीला चीर गेली, पाणी आत शिरलं आणि बारीक टिकटिक परत सुरू झाली. मग कंपनीचे अस्सल लिंक घातले. ते जवळपास तिप्पट महाग आहेत आणि अजून तरी मुके आहेत. अँटी-रोल बारचे बुश पॉलियुरेथेनचे घातले. वळणावर फरक जाणवतो, पण कडाक्याच्या थंडीत पहाटे ते कुरकुरतात. सिलिकॉन ग्रीस भरलं की काही आठवडे गप्प बसतात. तेवढ्यासाठी परत रबरावर जायचा विचार आहे.

टकटक गेल्यावर तिच्याखाली दडलेली एक करकर ऐकू यायला लागली. ती डाव्या लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या हाताच्या) बुशची. इथे मी ठामपणे रबर निवडलं, आणि त्या बाजूने आजवर एकही आवाज नाही. रबरी बुश फिरत नाही, आतलं रबर पिळलं जातं. म्हणून त्याचे बोल्ट चाक लोंबकळत असताना आवळायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच शेवटचा टॉर्क द्यायचा, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचं. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. इथले कॅम बोल्ट (चाकाचा कोन ठरवणारे) सैल केले म्हणजे चारही चाकांची अलाइनमेंट आलीच.

चिमटे लावून आवाज पकडणारा वायरलेस संचही घेतला होता. खरं सांगायचं तर लोखंडातून आवाज इतका पसरतो की शेजारशेजारच्या दोन चिमट्यांत फरक कळत नाही. डावी बाजू की उजवी, एवढं चोख सांगतो. मित्राकडून उसना मिळाला तर वापरा, विकत घेऊ नका.

मागचे लोअर आर्म अजून जुन्याच बुशवर आहेत. तिथले कॅम बोल्ट आतल्या नळीत गंजून बसलेत आणि ते कापूनच काढावे लागणार असं दिसतंय. आवाज नाही तोवर त्यांना हात लावत नाही.