कोरेगाव पार्कातला मुक्काम: खोली बेताची, बैठक आणि फेरी अव्वल

कोरेगाव पार्कातील जुन्या बंगल्यांपैकी काहींचे आता छोट्या निवासांमध्ये रूपांतर झाले आहे. त्यांपैकी एका बंगल्यात शनिवार-रविवारचा मुक्काम करून हे परीक्षण लिहीत आहे. उणिवा मोकळेपणाने मांडायच्या असल्याने निवासाचे नाव देत नाही. ‘शहर न सोडता शहरापासून दूर’ आणि ‘बोहेमियन पुण्याचा अनुभव’ अशी दोन आश्वासने त्याच्या जाहिरातीत आहेत, आणि दोन जणांच्या एका रात्रीसाठी साडेसात हजार रुपये आकारले जातात. त्यात सकाळची न्याहारी, शनिवारी संध्याकाळी रेकॉर्ड ऐकण्याची बैठक आणि रविवारी सकाळी परिसराची पायी फेरी यांचा समावेश असतो. कोथरूडच्या माणसाने आपल्याच गावात राहण्यासाठी एवढी रक्कम मोजावी का, हा प्रश्न आमच्या घरात उपस्थित झालाच. नुसती खोली हवी असेल तर मोजू नये, आणि बैठक व फेरी यांसाठी मात्र अवश्य मोजावी, असे माझे मत आहे.

खोलीचा विषय आधी उरकून घेतो. बंगल्याचा मूळ सांगाडा सुरेख आहे. उंच छत, जाड भिंती, रंगीत नक्षीच्या जुन्या फरश्या आणि व्हरांड्यासमोर पारंब्या सोडलेला वड, एवढ्या भांडवलावर कोणीही स्वस्थ बसले असते. परंतु सजावट करणाऱ्याला ते पुरेसे वाटलेले नाही. सुती दोऱ्यांची जाळीदार तोरणे, पिसे लावलेले ड्रीमकॅचर, पितळी बुद्धमूर्ती, राजस्थानी आरशांच्या उशा आणि त्यांच्या जोडीला एक फुटकी सतार, असा सगळा बाजार एकाच खोलीत मांडला आहे. तारा काढून भिंतीला टांगलेले वाद्य पाहून गाणे शिकलेल्या माणसाच्या पोटात कालवल्याशिवाय राहणार नाही. दिवे इतके मंद आहेत की पलंगावर बसून वर्तमानपत्रही वाचता येत नाही, आणि बाथरूममध्ये टॉवेल अडकवायला खुंटी नाही. शिवाय शेजारच्या गल्लीतील एका पबचा ठोका रात्री उशिरापर्यंत खिडकीच्या काचांना जाणवत होता. ‘दूर’ या आश्वासनाचे तिथेच तीन तेरा वाजले. मागील बाजूची खोली यातून सुटते, असे दुसऱ्या दिवशी कळले. आरक्षण करताना हे ग्राहकाला सांगायला हवे होते.

रविवारची पायी फेरी सकाळी सातला बंगल्याच्या फाटकापासून निघते आणि सुमारे दोन तास चालते. फेरी नेणाऱ्या बाई याच परिसरात लहानाच्या मोठ्या झाल्या आहेत. त्या कागद पाहून बोलत नाहीत आणि टाळ्यांसाठी किस्सेही रंगवत नाहीत. वडांच्या रांगेखालून चालताना त्या आधी एवढेच सांगतात की संस्थानिकांनी आणि धनिकांनी बंगले बांधलेली ही निवांत वसाहत होती, आणि तिचे रूप पालटले ते १९७४ मध्ये आचार्य रजनीश (म्हणजेच पुढचे ओशो) मुंबई सोडून येथे आले तेव्हा. पुढील सात वर्षांत युरोप-अमेरिकेतून आलेल्या तरुण-तरुणींनी या गल्ल्या भरून गेल्या. १९८१ मध्ये रजनीश अमेरिकेला गेले, १९८७ च्या जानेवारीत परत आले आणि १९ जानेवारी १९९० रोजी येथेच वारले. हा तपशील पुणेकरांना ऐकून ठाऊक असतो. त्यातून या बाई जे दाखवतात ते मात्र नवीन होते.

ज्याला आपण मुक्त, बेबंद म्हणतो ते येथील जीवन प्रत्यक्षात घड्याळाच्या काट्यावर चालत असे, हा त्यांचा मुद्दा आहे. आश्रमातील डायनॅमिक ध्यान सकाळी सहाला सुरू होई. त्याचा एक तास पाच टप्प्यांत वाटलेला असे. दहा मिनिटे वेगवान श्वास, दहा मिनिटे मनातले सारे बाहेर काढणे, दहा मिनिटे उड्या मारत ‘हू’चा घोष, त्यानंतर पंधरा मिनिटे जागच्या जागी स्तब्धता आणि शेवटची पंधरा मिनिटे नृत्य. पेहरावाचेही तसेच होते. सत्तरच्या दशकात भगवे कपडे आणि गळ्यात १०८ मण्यांची, रजनीशांचे छायाचित्र लटकवलेली माळ, तर पुढे दिवसा मरून झगा आणि संध्याकाळच्या सभेला पांढरा. स्वतःच्या मर्जीने जगण्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाहून आलेली माणसे येथे येऊन शाळेतल्या मुलांसारखी एका रंगात वावरत होती, ही गंमत त्या हसत सांगतात, पण त्यात टवाळी नसते. आमच्या पेठांमध्ये त्या काळी या मंडळींकडे पाहून नाके मुरडली जात. तीच मंडळी पहाटे साडेपाचला उठत होती हे कळले असते, तर कदाचित थोडा आदरही वाढला असता.

पुढे फेरी नॉर्थ मेन रोडवरील जर्मन बेकरीसमोर थांबते. १३ फेब्रुवारी २०१० रोजी येथे झालेल्या बॉम्बस्फोटात १७ जणांचा बळी गेला आणि २०१३ मध्ये बेकरी पुन्हा उघडली. बाईंनी एवढेच सांगितले आणि कोणालाही तेथे छायाचित्रे काढायला लावले नाही. हा संयम मला फार भावला. पर्यटनाच्या धंद्यात दुःखाचेही प्रदर्शन मांडायची रीत पडू लागली आहे, त्या पार्श्वभूमीवर तर अधिकच. त्यानंतर नदीकाठच्या स्मशानघाटाकडे जाताना त्यांनी १९९० च्या त्या संध्याकाळचे वर्णन केले. रजनीशांचा मृत्यू झाला त्याच दिवशी अनुयायांनी त्यांचा देह गात, नाचत, वाद्ये वाजवत या घाटावर आणला. अंत्ययात्रेत भजन आपल्याला नवे नाही, तरीही त्या प्रसंगी रस्त्यावरच्या सामान्य पुणेकराला काय वाटले असेल, याची कल्पना करत आमचा गट बराच वेळ तिथे रेंगाळला. फेरीत एक उणीव आहे. नाल्याचे रूप पालटून केलेल्या ओशो तीर्थ उद्यानाविषयी बाई भरभरून बोलतात, परंतु फेरीच्या मार्गात ते नाही.

रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर झगे, चांदीच्या अंगठ्या, मण्यांच्या माळा, तिबेटी धातूची वाडगी आणि ढगळ सुती विजारी मिळतात. निवासाच्या स्वागतकक्षातही अशाच वस्तूंची एक ‘निवडक’ मांडणी आहे आणि तेथील भाव टपरीच्या जवळपास दुप्पट आहे. खरेदी बाहेरच करावी. वाडगे घ्यायचे असल्यास काठावर लाकडी दांडी फिरवून त्याचा नाद किती काळ टिकतो ते कान देऊन ऐकावे. यंत्रावर ओतलेली पातळ वाडगी दिसायला देखणी असतात, पण त्यांचा आवाज लगेच विरतो. ही खूण एका टपरीवाल्यानेच सांगितली, आणि तीही स्वतःचा स्वस्त माल बाजूला सारून.

आता बैठकीविषयी. या मुक्कामाची खरी किंमत तिच्यात आहे. बंगल्याच्या मागील अंगाला एक साधी खोली आहे. तीत दोन मोठे लाकडी स्पीकर, एक रेकॉर्ड प्लेयर, सतरंज्या, तक्के आणि भिंतभर तबकड्या एवढाच सरंजाम आहे. सजावटकाराचा हात येथपर्यंत पोहोचलेला नाही, हे नशीबच म्हणायचे. बैठक चालवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले असून संग्रह त्यांचा स्वतःचा आहे. सुरुवातीलाच त्यांनी माझ्या पत्नीला हसतच बजावले, “ताई, सुई टेकली की बोलणं बंद. बाजू संपल्यावर काय वाटेल ते विचारा.” त्यानंतर त्यांनी तबकडी दोन्ही तळहातांच्या कडांनी पकडली, मऊ ब्रशने धूळ टिपली, सुईच्या टोकावर हलकी फुंकर घातली आणि दांडा इतक्या सावकाश खाली आणला की खरखर सुरू होण्याआधीचा क्षणसुद्धा ऐकू आल्यासारखा वाटला.

निवड विचारपूर्वक केलेली होती. आरंभी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरील नाट्यपदे झाली. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक जागा नसल्याने गायकाला मुखडा, अंतरा आणि ताना यांची मोट किती घट्ट बांधावी लागे, हे काकांनी दोन वेगवेगळ्या पदांमधून दाखवले. मग लाँगप्ले तबकडीवरील ख्याल लावला. तिथे एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळतात, म्हणजे मैफलीत तासभर चालणारा राग अर्ध्याहून कमी वेळात उभा करावा लागतो. काय गाळले आणि काय राखले हे ऐकणे हाच त्यातला आनंद. त्यानंतर काकांनी जी गोष्ट लावली तिची अपेक्षा नव्हती. डॉयटर नावाच्या जर्मन संगीतकाराने रजनीश आश्रमात राहून तेथील ध्यानांसाठी रचलेल्या संगीताची कॅसेट होती ती. सकाळच्या त्या पाच टप्प्यांसाठी हे संगीत मिनिटांचे माप घेऊनच रचलेले आहे. तालवाद्यांचा मारा ठरलेल्या वेळी थांबतो, शांतता ठरलेल्या वेळी येते आणि ती ठरलेल्या वेळी मोडून नृत्याची धून सुरू होते. नाट्यपदाला तबकडीने घातलेले बंधन आणि या संगीताला ध्यानाच्या वेळापत्रकाने घातलेले बंधन एकामागोमाग ऐकवण्यात काकांचा हेतू काय असावा, हे तेव्हा नीटसे कळले नाही. दुसऱ्या दिवशी फेरीतील बाईंचे बोलणे ऐकताना त्याचा उलगडा झाला. दोघांनी ठरवून हे केले आहे की आपोआप जुळून आले, हे विचारण्याचे मी मुद्दाम टाळले.

बैठकीला आम्ही आठ-नऊ जण होतो. त्यांत कानात तीन तीन बाळ्या आणि अंगावर ठिगळांचे जाकीट घातलेले एक तरुण जोडपे होते. पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारख्या संगीत महोत्सवांवर पोसलेली ही पिढी. ते ख्यालाच्या वेळी चुळबुळ करतील, असा माझा अंदाज साफ चुकला आणि त्यांनीच शेवटी काकांना सर्वांत नेमके प्रश्न विचारले. १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरवणाऱ्या गावात श्रोत्यांची वानवा नाही, हे खरे आहे. मात्र एका खोलीत, अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून ऐकण्याची सोय आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

न्याहारी ठीकच. थालीपीठ खमंग आणि लोणी ताजे होते. अ‍ॅव्होकाडोचा पाव म्हणजे दुधाची तहान ताकावर भागवण्याचा प्रकार. कॉफी मात्र उत्तम. स्वयंपाकघर नऊला उघडत असल्याने सातच्या फेरीला उपाशीपोटी निघावे लागते. निदान चहा-बिस्किटांची व्यवस्था करणे काही अवघड नसावे. आम्ही तसे सुचवल्यावर व्यवस्थापकाने वहीत टिपून घेतले, पण बिलात ‘सेवा शुल्क’ म्हणून लावलेले साडेतीनशे रुपये कशाचे, याचे उत्तर त्यालाही देता आले नाही. आरक्षणाच्या वेळी त्याचा उल्लेख नव्हता. रक्कम कमी करून घ्यायला दहा मिनिटे वाद घालावा लागला आणि सुट्टीच्या शेवटी तो नकोसा वाटला. सफाई करणारी माणसे, उलट, अत्यंत तत्पर आणि अदबशीर आहेत. पबच्या आवाजाबद्दल तक्रार करताच त्यांनी स्वतःहून खिडकीच्या फटींना कापडाच्या पट्ट्या लावून दिल्या.

गाण्याची आवड नसलेल्या, केवळ समाजमाध्यमांवर छायाचित्रे टाकण्यासाठी जागा शोधणाऱ्या मंडळींनाही ही खोली आवडेल, कारण ती त्यांच्यासाठीच सजवलेली आहे. लहान मुलांना घेऊन जाऊ नये. बैठकीत ती कंटाळतील आणि त्यांना गप्प करण्यात आपलेही लक्ष उडेल. ज्येष्ठांनी तक्क्यांऐवजी खुर्ची मागून घ्यावी, ती मिळते. चौकशी करताना बैठक आणि फेरी मुक्कामाशिवाय मिळू शकतात का, हेही विचारावे. आम्हाला निघताना समजले की जागा शिल्लक असल्यास बैठकीला आठशे आणि फेरीला पाचशे रुपये घेऊन बाहेरच्या लोकांनाही प्रवेश देतात, आणि संकेतस्थळावर याचा कोठेही मागमूस नाही. माझ्या दृष्टीने कोथरूड, सिंहगड रस्ता किंवा औंधहून येणाऱ्यांसाठी हाच सर्वांत शहाणपणाचा व्यवहार ठरेल. स्वतःची गाडी आणू नये, गल्लीत ती लावायला जागा नसते. वनाझ ते रामवाडी मार्गावरील मेट्रोने बंडगार्डन स्थानकावर उतरून रिक्षा करावी. मुक्कामच करायचा असेल तर मागील बाजूची खोली मागावी आणि सेवा शुल्काचे काय ते आधीच लेखी विचारून घ्यावे.