पत्र्यावर मारायचा ‘थंडा’ पांढरा रंग: पाचपैकी साडेतीन

नांदेडात पत्र्याच्या खोलीत शिलाई करते. रंग काम करतो, हे आधीच सांगते. मे महिन्यात भर दुपारी आमच्या पत्र्याला आतून हात लावता येत नव्हता, आता लावता येतो. मशीनवर बसलं की डोक्यावर उतरणारी झळ गेली. ‘कूलरची गरज नाही’ हे दुकानदाराचं बोलणं मात्र थाप आहे. पंखा अजून गरम वाराच फेकतो.

पत्रा पातळ, तापला की सगळं खाली ओकतो. हा रंग ऊन वरच्या वर परतवतो. डबा घेताना ‘एसआरआय’चा, म्हणजे रंग ऊन परतवून पत्रा किती थंड ठेवतो त्याचा आकडा बघा, १०० च्या जवळ असला तर चांगला. आमच्या रंगाऱ्यानं कडेला गंज न खरवडताच ब्रश फिरवला, तिथे पहिल्याच पावसात पापुद्रे सुटले. धूळ बसली की गुण उतरतो, धुवावा लागतो. उन्हाळ्यात पत्रा धुवायला पाणी कुठून आणायचं, ते डब्यावर लिहिलेलं नाही.

माझं माहेर औशाकडचं. जुन्या घराला माळवद होतं: लाकडी तुळया, वर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. मे महिन्यातही खाली गार. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशीच जड घरं अंगावर पडून माणसं गेली. मग मातीखाली झोपायची छाती होईना, पत्रा आला. पत्र्याखाली माणूस दबत नाही, भाजतो.

दीड तारा कापला तो पापुद्र्यांचा आणि पैशाचा. पत्रा मालकाचा, खर्च माझा. विचारलं तर म्हणाले, ‘गरम तुम्हाला होतंय ना, मग तुम्हीच मारा.’ आता बाजूची खोली दाखवायला आणलेल्या लोकांना तेच कौतुकानं आमचा पत्रा दाखवतात! शेजारच्या तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या थंड छतांचं धोरण काढलं. सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्ती; राहत्या घरांना ६०० चौरस यार्डांच्या प्लॉटपासून पुढे, त्याखाली मर्जी. अहो, ६०० यार्डांत आमची निम्मी गल्ली बसते.

खोल्या भाड्यानं देणाऱ्यांनी जरूर घ्यावा. भाडेकरू असाल तर खर्च भाड्यातून वळता करायचं आधी लिहून घ्या, आणि होळीच्या आत उरका. नंतर रंगारी पत्र्यावर चढायला तयार होत नाहीत.