एक्स्टेन्शनमागचा माणूस बघून सेटिंग करा: ऑफिसच्या व्हॉइसमेल-फॅक्स सिस्टीमचा वर्षभराचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर आमच्या टॉवेल कारखान्यातला जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं आतलं टेलिफोन एक्स्चेंज) काढला आणि त्याच्या जागी कॉम्प्युटरवरची, ॲस्टरिस्क या सॉफ्टवेअरवर चालणारी फ्रीपीबीएक्स सिस्टीम बसवली. आता पुढची दिवाळी तोंडावर आली आहे. ऑफिस माझ्याकडे असल्यामुळे यूजरची सेटिंगही मीच बघते. सिस्टीम बसवायची कशी, यावर भरपूर माहिती मिळते. पण बसवून झाल्यावर प्रत्येक यूजरच्या पानावर जे पर्याय येतात, त्यातला कोणता कोणासाठी चालू करायचा, यावर मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आमची गरज सांगते. कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. माल देशात जातो तसा परदेशातही जातो, त्यात जपानचा एक खरेदीदार आहे. रंगाची शेड (छटा) पास झाली की नाही, लेबल कुठे शिवायचं, हे सगळं तो हाताने लिहून, सही-शिक्का मारून फॅक्सने पाठवतो. जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. त्यांचं ऑफिस सकाळी ९ ला उघडतं तेव्हा सोलापुरात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे फॅक्स येतो तो आमच्याकडे वॉचमनशिवाय कोणी नसताना. जुन्या थर्मल मशीनचा रोल रात्रीत संपला की फॅक्स गेला. आणि मे महिन्यात पारा बेचाळिसाच्या वर गेला की खिडकीजवळ राहिलेला थर्मल कागद अक्षरशः काळवंडायचा. त्यावरचा शेड नंबर ३ आहे की ८, यावर डाइंग मास्तर (रंगाईचे प्रमुख) आणि एक्स्पोर्टवाले वाद घालत बसायचे.

बसवून देणाऱ्या माणसाने सगळ्या एक्स्टेन्शनना (टेबलाटेबलावरच्या आतल्या फोन नंबरांना) एकसारखं सेटिंग देऊन टाकलं होतं: व्हॉइसमेल (फोन उचलला नाही तर निरोप रेकॉर्ड होणं) चालू, तो निरोप ईमेलवर पाठवणं चालू, पिन म्हणजे एक्स्टेन्शनचाच नंबर. बरेच जण असंच वापरतात आणि मग 'व्हॉइसमेल आपल्याकडे चालत नाही' म्हणतात. माझं मत उलट आहे. चालतो, पण प्रत्येकाशेजारी दहा मिनिटं बसून तो माणूस दिवसभर कुठे असतो, मेल उघडतो का, कोणत्या भाषेत बोलतो, हे विचारल्याशिवाय चालत नाही.

लूम शेडचंच, म्हणजे माग चालतात त्या हॉलचंच घ्या. तिथे साच्यांच्या आवाजात समोरासमोरचं बोलणं ऐकू येत नाही, व्हॉइसमेल कुठून ऐकणार? तिथल्या सुपरवायझरचा व्हॉइसमेल मी पूर्ण बंद केला. फोन उचलला नाही तर कॉल त्यांच्या मोबाइलवर जातो, तिथेही नाही लागला तर डिस्पॅचच्या टेबलावर. डिस्पॅचवाल्यांचा दिवस फोनवरच जातो, म्हणून त्यांच्यासाठी उलट: मेल बंद, फोनवरचा लाल दिवा पुरे. दिवा लागला की स्टार ९७ दाबायचं, पिन द्यायचा, ऐकायचं. ऐकताना ५ दाबलं की तोच निरोप पुन्हा, ६ ला पुढचा, ७ ला पुसला जातो, ८ ला दुसऱ्याकडे पाठवता येतो, ९ ला जपून ठेवता येतो. चुकून ७ दाबलं तर फोन ठेवायच्या आत पुन्हा ७ दाबायचं, निरोप परत येतो. ही एक गोष्ट सांगितली आणि लोकांची भीती गेली. फोनशेजारी हाताने लिहिलेली छोटी चिठ्ठी चिकटवली आहे, त्यावर एवढे पाचच आकडे.

मालक महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असतात. त्यांना निरोप मेलवर जोडून जातो, मोबाइलवर लगेच ऐकता येतो. इथे फाइलचा प्रकार नीट निवडा. साधी वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १ एमबी होते. त्याचाच दाबलेला (कॉम्प्रेस केलेला) प्रकार साधारण दहाव्या हिश्श्याचा असतो, पण काही मोबाइलवर तो वाजतच नाही. आम्ही मोठी फाइलच ठेवली आणि निरोपाची लांबी ३ मिनिटांवर बांधली. ३ मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं असेल तर माणसाने परत फोन करावा.

याच पानावर 'व्हॉइसमेल डिलीट' नावाचा पर्याय आहे. मेल गेला की सिस्टीमवरची प्रत पुसून टाकायची, असा त्याचा अर्थ. दिसायला सोयीचा, कारण यूजरचा निरोपांचा डबा भरत नाही. पण मेलला निरोप जोडण्याचा पर्याय बंद असताना हा चालू राहिला तर निरोप कायमचा जातो, असा इशारा पर्यायाच्या मदतीतच दिलेला आहे. आणि दोन्ही चालू असले तरी मेल वाटेत अडकला किंवा मेलबॉक्स भरलेला असला तर प्रत कुठेच उरत नाही. सुताचा भाव फोनवर सांगणारे एजंट एकदाच सांगतात, परत फोन करत नाहीत. म्हणून आमच्याकडे हा पर्याय एकाही यूजरला चालू नाही. एका डब्यात मुळात १०० निरोप मावतात, दर शनिवारी जुने काढून टाकायला सांगते, भागतं.

पिनबद्दल मी कडक आहे. एक्स्टेन्शनचा नंबर, १२३४, गाडीचा नंबर, काहीच चालू दिलं नाही. कारण साधं आहे. व्हॉइसमेलच्या आतून बाहेर फोन लावायची सोय देता येते, आणि ती चालू असली की सोपा पिन शोधून काढणारे लोक रात्रीतून परदेशात कॉल लावतात. बिल कारखान्याच्या नावावर येतं. ती सोय सगळ्यांचीच बंद ठेवा, एकालाही अपवाद नको.

आता ग्रीटिंग, म्हणजे आपण फोन उचलला नाही की समोरच्याला ऐकू येणारं रेकॉर्ड केलेलं बोलणं. यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो वसूल झाला. ॲस्टरिस्कच्या मूळ आवाजांच्या संचात इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, रशियन, स्वीडिश, अगदी जपानीसुद्धा आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. सोलापुरात फोन करणारा माणूस मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी यांपैकी काहीही बोलतो. इंग्रजी बाईचा आवाज ऐकला की पेठेतला व्यापारी फोन ठेवून देतो, हे पहिल्या आठवड्यातच दिसलं. म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या आवाजात ग्रीटिंग भरायचं ठरवलं. स्टार ९७ मध्ये जाऊन ० दाबलं की मेन्यू येतो: १ ला 'जागेवर नाही'चं ग्रीटिंग, २ ला 'फोन चालू आहे'चं, ३ ला नाव, ४ ला तात्पुरतं ग्रीटिंग, ५ ला पिन बदलणं. डाइंग मास्तरांनी आधी तेलुगूत, मग मराठीत भरलं. रसायनं पुरवणारे त्यांच्याशी तेलुगूतच बोलतात. त्यांच्या डब्यात येणारे निरोप त्यानंतर लगेच वाढले. ग्रीटिंग दहा-बारा सेकंदांच्या वर जाऊ देऊ नका, आणि भरायचं ते ऑफिसच्या बंद खोलीत बसून. डाय हाउसमध्ये, म्हणजे रंगाई विभागात, भरलेलं ग्रीटिंग ऐकवत नाही.

तात्पुरतं ग्रीटिंग ही फार कामाची गोष्ट आहे. ते भरलं की बाकीची ग्रीटिंग बाजूला राहतात आणि हेच वाजतं, पुसलं की जुनी परत येतात. संक्रांतीला गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत ऑफिस अर्धवेळ होतं, तेव्हा हिशेब आणि डिस्पॅचने तात्पुरतं ग्रीटिंग भरलं आणि परत कधी उघडणार ते त्यात सांगितलं. सुट्टी संपल्यावर पुसायला कोणीतरी विसरणारच, म्हणून ते काम मी पहिल्या दिवशी सकाळी स्वतः करते.

फॅक्सकडे येते. आमचा जुना लँडलाइन नंबर लेटरहेडवर, पेट्यांवर, सगळीकडे छापलेला आहे, आणि त्यावरच फोन येतात, त्यावरच फॅक्स. म्हणजे कॉल आला की हा माणूस की मशीन, हे सिस्टीमने ओळखायला हवं. पाठवणारं फॅक्स मशीन ११०० हर्ट्झचा एक बीप देतं: अर्धा सेकंद आवाज, मग ३ सेकंद शांतता, परत आवाज. ओळखण्यासाठी किती सेकंद थांबायचं ते आपण ठरवायचं. आमच्याकडे आधी ४ ठेवलेले होते. चार सेकंदांत एखादाच बीप नक्की सापडतो, आणि पावसाळ्यात लाइन खरखरते तेव्हा तो एकही हुकतो. मी ८ केले, म्हणजे ऐकणं बीपच्या कोणत्याही टप्प्यावर सुरू झालं तरी दोन बीप मिळतातच. तेव्हापासून जपानचा फॅक्स हुकलेला नाही. किंमत अशी की माणसाने फोन केला तर त्याला तेवढे सेकंद नुसती रिंग ऐकू येते आणि मग आमच्याकडे फोन वाजतो. नेहमीच्या व्यापाऱ्यांना आम्ही इंटरनेट लाइनवरचे थेट नंबर दिले, त्यांची तक्रार मिटली.

फॅक्स तांब्याच्या लाइनवरच, म्हणजे जुन्या लँडलाइनवरच का ठेवला, हे विचारलं जातं. इंटरनेटवरून फॅक्स नेण्यासाठी टी.३८ नावाचं मानक १९९८ पासून आहे, पण आमच्या इंटरनेट-फोन कंपनीच्या लाइनवर ते मिळत नाही. त्याशिवाय पाठवायचं तर निदान जी.७११, म्हणजे ६४ केबीपीएसचा न दाबलेला आवाज लागतो. ८ केबीपीएसचा जी.७२९ माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेला आहे, त्यातून फॅक्सचे स्वर धड पोचत नाहीत. लाइन घेण्याआधी हा एक प्रश्न लेखी विचारून घ्या.

यूजरच्या पानावर फॅक्सचा वेगळा भाग आहे: फॅक्स चालू की बंद, मेल करायचा का, पीडीएफ की टिफ. पीडीएफ निवडा, टिफची अनेक पानं मोबाइलवर नीट उघडत नाहीत. आणि फॅक्स एखाद्या व्यक्तीच्या नावावर लावू नका. आमच्याकडे तो आधी एक्स्पोर्ट मॅनेजरच्या मेलवर लावून दिला होता. ते रजेवर गेले की शेड अडकायची. आता 'फॅक्स' नावाचाच एक यूजर केला आहे, त्याचा मेल एक्स्पोर्टच्या सामाईक पत्त्यावर जातो, तो तिघं बघतात. सकाळी साडेआठला मास्तर आत येतात तेव्हा शेडचा कागद प्रिंट होऊन त्यांच्या टेबलावर असतो. खरेदीदाराला आम्ही फॅक्स 'फाइन'वर पाठवायला सांगितलं. साध्या फॅक्समध्ये उभ्या दिशेने इंचाला ९८ रेघा असतात, फाइनमध्ये १९६. ३ आणि ८ चा वाद तिथेच संपला.

त्रासाचं एक सांगायलाच हवं. तांब्याच्या लाइनवर समोरच्याने फोन ठेवला तरी सिस्टीमला ते लगेच कळत नाही, आणि निरोपाच्या शेवटी टूं-टूं असा एंगेज टोन रेकॉर्ड होत राहतो. सुरुवातीला मालकांना असे निव्वळ टोनचे निरोप रोज मेलवर यायचे. भारतातला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद आवाज आणि पाऊण सेकंद शांतता असा असतो. देशाच्या टोनचं सेटिंग भारताचं आहे ना, ते आधी तपासा आणि लँडलाइन जिला जोडली आहे त्या सिस्टीमच्या कार्डावर बिझी (एंगेज) टोन ओळखणं चालू करा. मग व्हॉइसमेलच्या सामान्य सेटिंगमध्ये 'इतके सेकंद शांतता राहिली तर रेकॉर्डिंग थांबव' आणि 'इतक्या सेकंदांहून छोटा निरोप ठेवू नको' असे दोन आकडे आहेत. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान हवा, नाहीतर रिकामे निरोप साठत राहतात. आम्ही ४ आणि ६ ठेवले. आता क्वचितच एखादा येतो. कॉलर आयडीसाठीही लाइनच्या सेटिंगमध्ये भारताचा वेगळा पर्याय आहे. तो लावल्यावर निरोपाच्या मेलमध्ये फोन करणाऱ्याचा नंबर दिसायला लागला, आणि मालकांना तोच सर्वांत उपयोगी वाटतो.

ब्राउझरमधून स्वतःचे निरोप ऐकायचं यूजर पॅनेल आहे, ते मी फक्त एक्स्पोर्ट आणि हिशेब विभागाला दिलं. बाकी कोणी मागितलं नाही. त्यातून फॅक्स पाठवायचा असेल तर वेगळं पैसे देऊन घ्यायचं मॉड्यूल लागतं. आमचे जाणारे फॅक्स आठवड्याला दोन-चारच, त्यासाठी जुनं मशीन दुसऱ्या लाइनवर अजून ठेवलं आहे आणि ते पुरतं.

ज्यांच्याकडे फॅक्स येतच नाही आणि सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो, त्यांना एवढा खटाटोप करायला मी सांगणार नाही. पण आठ-दहा टेबलं, बाहेरगावचे फोन आणि एखादा फॅक्स पाठवणारा गिऱ्हाईक असेल तर घ्या. घेताना बसवून देणाऱ्याशी आधीच ठरवा की पैशांचा शेवटचा हप्ता प्रत्येक यूजरच्या टेबलावर बसून सेटिंग झाल्यावरच मिळेल. आणि कोणाला काय सेटिंग दिलं त्याची एक वही करा. नवा माणूस आला की मी त्या वहीतलं पान उघडते, त्याच्या टेबलाला काय लागतं ते विचारते आणि पिन त्याच्याच हाताने बदलून घेते.